चांगुणाचा भोंगा

ऐन वैशाखात मी चांगुणाशी भांडायला बांध ओलांडून गेलो. तिच्या रानात एक काडी उभी नव्हती. ज्वारी काढून, मळून झाली होती, कडबा रचला होता, पाळी घातलेली काळी ढेकळं उन्हात तापत पडली होती. आणि त्या ढेकळांच्या मधोमध, बाभळीच्या खांबावर बांधलेला भोंगा सकाळपासून बोंबलत होता. 'हाऽऽय हा! हाऽऽय हा!' मग 'उडा गं बायांनो, उडा!' मग एक ओरडा, ठसका आणि 'च्यायला तुमच्या!' मग जरा गप्प आणि पुन्हा पहिल्यापासून.

"चांगुणा, अगं डोस्कं उठलं माजं! रानात पाखरू न्हाई, कनीस न्हाई. ढेकळं हाकलतीस का काय?"

ती घराच्या ओट्यावर एकटीच भाकरी खात बसली होती. "ऱ्हाऊ द्या की तात्या. माजं जेवान हुईपतोर ऱ्हाऊ द्या."

मी आणखी चार शब्द सुनावणार होतो. तेवढ्यात भोंग्यातून तिच्या पोराची, आदिनाथची हाळी आली आणि चांगुणा हातातला घास तसाच धरून म्हणाली, "ये की रं आता जेवाया. किती हाकलशील?"

हे ती मला म्हणाली नव्हती. माझ्या अंगावर भर उन्हात काटा आला. मी मुकाट्यानं माघारी फिरलो. माझ्या बायकोनं, बनाबाईनं विचारलं, "भांडलात का?" मी म्हणालो, "भांडायला मानूस जागेवर पायजे ना."

भोंग्याचं सांगायचं तर आमच्या मिरजगावच्या शिवारात आता मचाणावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायला कोणाला सवड नाही. बाजारात बॅटरीचा भोंगा मिळतो. लाल बटण दाबून त्यात एकदा ओरडून ठेवायचं आणि खांबाला बांधायचं. मग तो आपल्या वतीनं ओरडत बसतो. चांगुणाचा नवरा गोरक्ष यानं त्या वैशाखाआधीच्या हुरड्याच्या दिवसांत तो आणला आणि साऱ्या घरानं त्यात ओरडून घेतलं. आदिनाथ ओरडला, धाकटी निकिता ओरडली. गोरक्ष ओरडला तेव्हा त्याला ठसका लागला, त्यानं शिवी हासडली आणि तीही आत गेली. पोरं हसून हसून ढेकळांत लोळली. मी बांधावरून बघत होतो. माझी दोन्ही पोरं केव्हाच पुण्याला गेलेली. खरं सांगतो, मला त्या घराचा हेवा वाटला होता.

पण त्याच वर्षात ते घर पांगलं. शिवरात्र झाली आणि आदिनाथ चाकणला गेला, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कंपनीत. तिथलं कंत्राट संपलं तसा तो कोणाच्या तरी ओळखीनं सुरतेच्या पलीकडं दुसऱ्या कंपनीत गेला. निकिता नगरला नर्सिंगला लागली आणि होस्टेलवर राहू लागली. विहीर उन्हाळ्याआधीच तळाला गेली होती, म्हणून गोरक्षनं गाया विकल्या आणि शिर्डीत एका लॉजची गाडी चालवायला धरली. विमानतळावरून भक्त आणायचे, दर्शन झालं की परत सोडायचे. जन्मभर बैलांना ओरडलेला माणूस पांढरा शर्ट घालून 'या साहेब, बसा मॅडम' म्हणू लागला.

वैशाख सरल्यावर चांगुणा सगळ्यांकडं जाऊन आली. आदिनाथ चाकणला होता तोवर तिथल्या खोलीत त्याच्यासकट चार पोरांचा स्वयंपाक केला. पोरं रात्रपाळीची, दिवसा झोपायची. "तात्या, तोंड उघडायची चोरी," मला सांगत होती. "भांडं वाजलं तरी एकांदा कूस बदलायचा. मी आपली दिसभर भितीकडं बघत बसायची." मग शिर्डीत लॉजच्या मागं, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत राहिली. तिथं माणसांची जत्रा, पण तिच्याशी बोलणारं कोणी नाही. हस्त नक्षत्र लागलं तशी ती पेरणीचं निमित्त काढून परत आली. माझ्या ट्रॅक्टरनं शालू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरून दिली. पेरणी झाली त्याच संध्याकाळी तिनं भोंग्याची धूळ झटकून तो खांबावर चढवला. उगवण व्हायच्या आधी!

ज्वारी मात्र दृष्ट लागावी अशी आली. माणूस आत शिरला तर दिसायचा नाही. कणसांत चीक भरला आणि भोरड्यांचे थवे उतरले. पहिले दोन दिवस त्या भोंग्याला भ्याल्या. मग त्यांनी ओळखलं, की आवाज आहे पण माणूस नाही. मी डोळ्यांनी पाहिलं, एक भोरडी भोंग्यावर बसून पंख साफ करत होती आणि तिच्या पायाखालून आदिनाथ जीव तोडून ओरडत होता.

गोरक्ष सुट्टी काढून आला तो हे बघून भडकला. "डोळं फुटलं का तुजं? अर्दं रान खाल्लं की!" त्यानं भोंगा खाली काढला, लाल बटण दाबलं, पत्र्याचा डबा बडवत त्यात नव्यानं बोंब मारली आणि परत बांधला. भोरड्या भर्रकन उठल्या. तो खूश झाला. चांगुणा चहा घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"पोरांचं कुटं गेलं?"

"पुसलं. नवं भरलं की जुनं जातं त्यात."

"पुसलं?"

"अगं, पाखरं हाकलायचा भोंगा हाय त्यो! पोरांशी बोलायचं तर फोन लाव की."

तिनं चहा त्याच्या हातात दिला. मग गोरक्ष माझ्यासमोरच तिला म्हणाला, "आता बास झालं. ज्वारी तात्यांकडं वाट्यानं देऊ, काडनी त्येच करतील. म्होरल्या रविवारी टेम्पो घिऊन येतो. घराला कुलूप लावू आन तू शिर्डीला चल. एकटी बाई भोंग्याशी बोलती आसं लोक सांगाय लागल्यात."

"बरं," चांगुणा म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही. वाट्याला चांगली ज्वारी येणार म्हणून मी गप्प राहिलो, हेही खरं.

तो गेला आणि तिनं भोंगा बंद करून टाकला. रान एकदम मुकं झालं. इतके दिवस मी त्या आवाजाला शिव्या दिल्या होत्या, आता माझाच कान त्याची वाट बघू लागला. भोरड्यांनी ज्वारी काळी केली. मी बांधावरून ओरडलो, "चांगुणा, ज्वारी चालली की!"

"खाऊ द्या."

"आगं, वरीसभराचं खानं हाय!"

"कुनाचं? खानारं कोन हाय हितं?"

बनाबाईला तिची दया आली. ती म्हणाली, "फोनवरनं भरून घ्या की पोरांचा आवाज." मलाही पटलं. चांगुणाला शेजारी बसवून मी निकिताला फोन लावला आणि लाल बटण दाबून भोंग्याचं तोंड मोबाईलला भिडवलं.

"तात्या, मी लायब्ररीत हाय," निकिता कुजबुजली.

"आगं एकदाच वरड. आईला पायजे."

"मॅडम समोरच बसल्यात... उडा गं बायांनो, उडा." तिनं हे इतक्या हळू म्हटलं की मलाच दोनदा कान द्यावा लागला.

बटण दाबलेलंच ठेवून मी आदिनाथला लावला. त्यानं फोन उचलला तेव्हा मागं मशीन घरघरत होतं. "काय वरडू तात्या? लोक बघत्यात हितं."

"आपलं न्हेमीचं. भोरड्या हाकलायचं."

तो ओशाळून हसला. "हाय हा," म्हणाला, रस्त्यात कोणी भेटल्यावर म्हणावं तसं. "झालं का? फोरमन आला, ठेवतो."

भोंगा खांबावर चढवला. त्यातून एक कुजबुज आली, मशीनची घरघर आली आणि ओशाळं हसू आलं. भोरड्यांनी मानसुद्धा वळवली नाही. चांगुणानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग दोरी सोडली, भोंगा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ही माजी पोरं न्हाईत, तात्या. घिऊन जावा."

मी भोंगा घरी आणला आणि माळ्यावर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो आणि रानातून हाळी आली. 'हाऽऽय हा! हाऽऽय हा!' बनाबाई चुलीपुढून म्हणाली, "आदिनाथ आला वाटतं."

मी चूळ भरायचा विसरलो. भोंगा तर आमच्या माळ्यावर. बांधावर गेलो तर ज्वारीतून निकिताचा आवाज आला, अगदी तिच्याच चिरक्या सुरात, 'उडा गं बायांनो!' भोरड्यांचा थवा फुटून उठला. जरा पलीकडं कणसं हलली आणि पुन्हा आदिनाथ ओरडला. आवाज पुढं पुढं सरकत होता. मग दाटीत मला चांगुणाचा पदर दिसला, डोक्यावरून बांधलेला. तोंडाला हात लावून ती एकटीच सगळ्यांच्या हाका घालत फिरत होती. तिला आवाज द्यायचं मला धाडस झालं नाही.

तिनं पुढचे सगळे दिवस तेच केलं. पाखरं टिकेनात. आवाजाला पाय फुटल्यावर कोण बसणार? ज्वारी वाचत होती आणि मी मात्र माझ्या रानात काम करताना त्या बाजूला पाठ करून उभा राहत होतो. बनाबाई भाकरी घेऊन गेली तर चांगुणा तिच्याशी हुशारीनं बोलली, मिरच्यांचं विचारलं, हसली. आणि बनाबाई वळली तशी मागून आदिनाथ ओरडला.

रविवारी उन्हं कलल्यावर टेम्पो आला. गोरक्ष खाली उतरला, अंगात तोच पांढरा शर्ट, पायांत पॉलिश केलेले बूट. मी त्याला बांधावर गाठलं. कसं सांगावं याचा विचार करत होतो, तोच ज्वारीतून हाळी आली.

गोरक्षचं तोंड उजळलं. "आदिनाथ आलाय व्हय? मला बोलला न्हाई लेकाचा!"

मी मान खाली घातली. ज्वारीतून निकिताची हाक आली.

"निकी बी? आन कालेज?" तो हसतच होता. "तात्या, बोला की!"

मग तिसरा आवाज आला. जाड, घोगरा. त्यापाठोपाठ ठसका आणि 'च्यायला तुमच्या!'

गोरक्षचं हसू जागच्या जागी विरलं. तो माझ्याकडं बघत राहिला. ज्वारीत वारा होता, वरच्या अंगाला पाखरं कलकलत होती.

"मला बी त्यातच धरलंय व्हय तिनं?"

मला रडू आलं, उगाच खोटं कशाला सांगू. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती फुटेल अशी हाळी दिली. ज्वारीतला आवाज थांबला. कणसं हलायची थांबली. मग आतून चांगुणाचा स्वतःचा आवाज आला, भ्यालेला.

"कोन हाय तिकडं?"

"मी हाय."

"मी कोन?"

"मी गोरक्ष गं. मी आलोय."

गोरक्ष एक पाऊल पुढं सरकला.

"खरंच तुमी हाय?"

"व्हय."

"मंग तितं काय हुबं ऱ्हायलाय? वरल्या अंगाला जावा. तिकडं लई बसल्यात."

त्यानं बूट काढले, टेम्पोत टाकले, विजार वर खोचली आणि अनवाणी ज्वारीत शिरला. टेम्पोवाला माझ्याकडं आला. "सामान कवा भरायचं?"

"आज न्हाई भरायचं. बूट तेवढं हितं ठिव आन जा तू."

तो बडबडत गेला. दिवस मावळेपर्यंत दोघं नवराबायको हाकलत होती, तो वरून आणि ती खालून. तिनं त्याची हाळी काढली तरी तो वरून ओरडून साथ द्यायचा. पोरांपैकी कोणाचा आवाज निघाला की मात्र गप्प व्हायचा, आणि ती हाक संपेपर्यंत ऐकत उभा राहायचा.