रुक्मिणीबाईंचं पळणं

ओळीच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या तपाच्या, पारण्याच्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाईंना टोमॅटोच्या पिकअपमधून घरी आणलं. रिकाम्या क्रेटांमध्ये त्या पाय पसरून बसल्या होत्या. अंगात पंजाबी ड्रेस आणि पायांत नातीने आणलेले पोपटी बूट. लग्न होऊन आल्यापासून नारायणगावच्या पेठेने ज्यांना डोक्यावरच्या पदराशिवाय पाहिलं नव्हतं, त्या दलीचंदशेठच्या बायकोला पिकअपवाल्या गेणभाऊंनी हात देऊन दुकानासमोर उतरवलं, तेव्हा समोरचा भांडीवालासुद्धा गिऱ्हाईक सोडून बाहेर आला.

"शेठ, खोडद रस्त्याला खाली बसल्या व्हत्या," गेणभाऊ म्हणाले. "मला वाटलं, उपासाची चक्कर आली. बघतो तर पाऊल टेकवत न्हाई."

दलीचंदशेठ गादीवरून उठले. बायकोकडे बघितलं, मग बुटांकडे. "झाली हौस?" म्हणाले, आणि रिक्षा बोलवायला स्वतःच चौकाकडे निघाले.

हौसच म्हणायची. वर्षसुद्धा झालं नव्हतं तिला. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. पहाटे खोडद रस्त्याला चालता चालता एक दिवस मागून कुत्रं भुंकलं आणि रुक्मिणीबाई पळाल्या. कुत्रं केव्हाच थांबलं, त्या थांबल्याच नाहीत. उसाच्या कडेने, श्वास फुलेपर्यंत पळाल्या आणि मग एकट्याच हसत उभ्या राहिल्या. ओतूरला परकर खोचून मांडवी नदीच्या काठाने पळणारी एक मुलगी होती. पेठेतली पोरं तिच्या मागे राहायची. न्हाण आलं तसं आजीने तिला एका वाक्यात घरात बसवलं. ती इतकी वर्षं होती कुठे, हे रुक्मिणीबाईंनाही ठाऊक नव्हतं.

मग रोजचंच झालं. पुढे रस्ता जरा वर चढला की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या थाळ्या दिसायच्या. रुक्मिणीबाई नवीन सून म्हणून आल्या तेव्हा तिथे नुसती बाजरी होती आणि पाखरं हाकणाऱ्या बायांच्या आरोळ्या. त्यांतलीच एक भागू. आता तीही म्हातारी झालेली, रोज सकाळी बांधावर गवत कापत असायची.

"आवं रुक्माबाई, कोन लागलंय मागं?" ती ओरडायची.

"तूच ये की मागं!"

"मी न्हाई बया. मला घरी कामं हायेत."

नात रिद्धीने हे ऐकलं आणि बूट आणले. पुढे थंडीत लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत शर्यत होती, तिच्यात दादीचं नावही घालून आली. रुक्मिणीबाई वरवर रागावल्या. पण दुपारी पोळ्या लाटताना डोळ्यांसमोर एकच दिसायचं. छातीला नंबर लावलेला, भर दिवसा, सगळ्यांसमोर आपण पळतोय. एकदाच. मग पुन्हा पदर घेऊन बसायला त्यांची हरकत नव्हती.

अश्विनातली ओळी आली. नऊ दिवस आयंबिल, म्हणजे दिवसातून एकदाच उकडलेलं धान्य. तेल, तूप, दूध, गूळ, काही नाही. पाणीही उकळलेलं, सूर्य वर आल्यावरच. ही तपं त्यांनी लग्नापासून केलेली, एक दिवसाआडचे वर्षभराचे उपासही. ओळी सोडायची नव्हती आणि पळणंही. तिसऱ्या दिवशी पाऊल दुखायला लागलं. जोड्याच्या आत, मधोमध, कुणी सुई टोचावी तसं.

आता दुसरं कुणी असतं तर थांबलं असतं. पण त्यांच्या घरात तपातलं दुखणं बोलून दाखवत नसत. सासूबाईंनी मासखमण, महिनाभराचा उपास, केलं तेव्हा शेवटी शेवटी उठता येत नव्हतं, तरी तोंडातून हूं निघालं नाही. गावाने ते वर्षानुवर्षं सांगितलं. रुक्मिणीबाईंनाही त्याचंच वळण. दुखतंय म्हणजे तप लागतंय. त्या दात आवळून पळत राहिल्या. देरासरात दर्शनाला आलेल्या बायका म्हणाल्या, "भाभी, ओळीत चेहऱ्यावर काय तेज आलंय!" दुखणाऱ्या पावलाला ते तेल चोळल्यासारखंच झालं.

पारण्याच्या त्या सकाळी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. "हे आजचं नाही. आधी चीर गेली, तुम्ही तिच्यावर पळत राहिलात. हाडंही पोकळ झालीत. दुखलं नाही का?"

"दुखलं."

"मग थांबला का नाहीत?"

"ओळी चालू होती," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

प्लॅस्टर पडलं. दुकानाच्या वरच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकली. बायका यायच्या, "शाता आहे ना?" म्हणून खुशाली विचारायच्या. त्या "आहे" म्हणायच्या. दिवाळी खाली रस्त्यावरून निघून गेली. बूट रिद्धीने धुऊन कपाटावर ठेवले होते. रुक्मिणीबाईंनी ते खुर्चीतून दिसणार नाहीत असे आत सरकवायला लावले. पहाटे जाग यायची ती यायचीच. अंग उठायला निघायचं आणि पाय आठवायचा. आजीने घरात बसवलं तेव्हा निदान रडून घेता आलं होतं. आता रडायचं तर कुणापुढे, कशासाठी? म्हातारीला पळता येत नाही, हे काय दुःख झालं?

एकदा दलीचंदशेठ चहा घेऊन वर आले. कप त्यांच्या हाताशी ठेवला. मग म्हणाले, "पाय बरा झाला की शंखेश्वरच्या यात्रेला जाऊ. गाडीने."

"गाडीनेच," त्या म्हणाल्या.

प्लॅस्टर निघालं. खालून पाऊल निघालं ते दुसऱ्याच कुणाचं, सुकलेलं, पांढुरकं. शर्यत अजून व्हायची होती. रुक्मिणीबाईंनी डॉक्टरांना हळूच विचारलं.

"चाला," ते म्हणाले. "पळणं मनातून काढा. हे हाड पुन्हा गेलं तर चालणंही जाईल."

दुसऱ्या दिवशी रिद्धीने त्यांना स्कूटीवरून खोडद रस्त्याला नेलं. बूट घालणारच म्हणून त्या हटून बसल्या होत्या. भागू बांधावर होतीच. विळा ठेवून उठली.

"आल्या का! मी म्हटलं, ह्यांनी रस्ता सोडला."

रुक्मिणीबाई हसल्या नाहीत. चढ समोर होता, थाळ्या त्याच्या पलीकडे. त्या चालू लागल्या, मग पावलं जराशी उचलली. कुणाला पळणं वाटलंही नसतं. आणि तिथेच, मधोमध, सुई टोचली.

दात आपोआप आवळले गेले. अजून थोडं, चढापर्यंत, सहन होईल. सहनच तर करत आलोय आपण. पुढचं पाऊल उचललं आणि ते टाकायचं धाडस होईना. त्या एका पायावर, रस्त्याच्या मध्ये, तशाच उभ्या राहिल्या.

"काय झालं?" भागूने विचारलं.

ओठ हलले, शब्द निघेना. आजवर कधी काढलाच नव्हता तो.

"दुखतंय," रुक्मिणीबाई म्हणाल्या. मग मोठ्याने, "भागू, दुखतंय गं. लई दुखतंय."

"मग बसा की हितं," भागू म्हणाली आणि गवताचा भारा त्यांच्यापुढे सरकवला.

त्या बसल्या. रिद्धी धावत आली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. दादीने पाय पुढे केला, आणि तोंडावर ओढणी घेऊन, लहान पोरीसारखं, चांगलं आवाज करून रडायला लागली. भागूने विळा उचलला, पण गवत काही कापलं नाही. चढावरून एक पिकअप क्रेट वाजवत आली आणि त्यांना वळसा घालून नारायणगावकडे निघून गेली.