पुसायचा निरोप

शिवकन्येने मोबाइल सत्यमच्या पुढ्यात आपटला.

"हे बघा, अजून दिसून राहिलंय. तुम्ही तर काढलं म्हणाला होता."

पडद्यावर तिच्या वडिलांचा फोटो होता. 'रेवणप्पा, वय ७४, रेणापूरहून बेपत्ता.' खाली तिचा नंबर.

सत्यम लातूरच्या एका कॉलेजात शिकवायचा आणि घराच्या माळ्यावर लोकांना फोटो-मजकूर टाकता येईल असा 'मेळ' नावाचा सर्व्हर चालवायचा. अशा शेकडो सर्व्हरचा एकमेकांशी घरोबा, एकावर टाकलेलं बाकीच्यांवरही उतरायचं, वर कुठलीच कंपनी नाही, याचं त्याला कोण कौतुक! शिवकन्येलाही तेव्हा होतं. अप्पा हरवले त्या दिवशी दोन तासांत फोटो कुठल्या कुठे पोचला होता. नवव्या दिवशी अप्पा सापडले, शिवारातल्या पडक्या विहिरीत. चेहरा ओळखू येत नव्हता.

"माझ्याकडून तवाच काढलं, ताई. बाकीच्यांना पुसायचा निरोप बी गेला," सत्यम म्हणाला. "पण काही सर्व्हर त्या वक्ताला बंद होते. काहींनी निरोप मानलाच न्हाई."

"मग त्यांना सांगा की."

"कुणाला सांगू? ज्याचा त्याचा मालक येगळा. मेल केले, एकाचं उत्तर न्हाई. सापडले म्हणून लिहिलं, ते बी तिथवर पोचलं न्हाई."

शिवकन्येला त्याचा संताप आला आणि कीवही आली. पाच महिन्यांत एकवीस फोन आले होते. फोन आला की आई पिशवी भरायची. पूर्णा झालं, परभणी झालं, नांदेड दोनदा. दरवेळी कुणीतरी भलताच म्हातारा. परतताना एसटीत आईचं एकच पालुपद, "तू माती दिलीस ती कुणाला? तोंड पाह्यलंस का?" अप्पा गेले हे आईला एकदाचं पटावं, एवढंच तिला हवं होतं.

"नंबर बदला मग," सत्यम म्हणाला.

"आईनं शपथ घातलीय."

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. 'ते वारले, फोटो काढून टाका,' हे वाक्य आता तिला तोंडपाठ झालं होतं.

"लोह्याच्या स्टँडवर एक म्हातारं बसून हाय," पलीकडचा माणूस सांगू लागला. "फोटोतल्यावानीच दिसतंय. नाव सांगून न्हाई राहिलं. गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग हाय बघा."

अप्पांच्या डबीला एका बाजूने पोचा होता. त्यावरूनच तिने त्यांना ओळखलं होतं. पुरताना विधी करणाऱ्या स्वामींनी त्यातलं लिंग काढून अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, ते तिच्या डोळ्यांदेखत. मग पहिली मूठभर माती तिनेच लोटली होती. पण चेहरा तिलाही ओळखू आला नव्हता.

"हॅलो? ऐकून राहिलाव ना?"

सत्यम तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

"त्यास्नी बसवून ठेवा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "निघालेच मी."

आईला न कळवताच ती लोह्याची एसटी धरायला निघाली.