एकाच्या जागी तीन

मी बिस्किटांच्या डब्यातून बोलतोय. आवाज जरा पत्र्यासारखा येईल, सांभाळून घ्या.

मी कार्बोरेटर. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवायचं, एवढंच माझं काम. माझं इंजिन सहा सिलिंडरचं, सगळे एका रांगेत बसलेले. मी एकटा मधोमध उभा राहून वाढायचो. रांगेच्या दोन्ही टोकांना जरा कमी पोचायचं. पण पंगतीत टोकाला बसणाऱ्यांनी तक्रार करू नये, असं माझं मत होतं. वाढपी मीच असल्यामुळे ते ठाम होतं.

गाडी आन्सेल्मो बाल्दीची. पाम्पाच्या सपाट माळावरच्या आमच्या गावात तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो. याच गाडीतून त्यानं नेलिदाला लग्न करून घरी आणलं आणि गेल्या हिवाळ्यात याच गाडीतून तिच्या शवपेटीमागे गेला. दोन्ही वेळा मी एकदाही खोकलो नाही. हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही, ते सोडा.

गाडी मात्र लक्षात राहिली, त्यांच्या मुलीच्या, ग्रिसेल्दाच्या. "बाबा, मी चर्चला आईच्या गाडीतूनच जाणार. तिच्याच जागेवर बसून," तिनं बजावलं.

तिचं लग्न तोंडावर आलेलं असताना शहाण्या माणसानं काय करावं? गाडी धुवावी. आन्सेल्मोनं मला उपटून काढलं. त्याला कुठूनशी तीन कार्बोरेटरांची जोडणी मिळाली होती, दर दोन सिलिंडरांना एक. मुलीला न्यायचं तर गाडी गायला हवी, म्हणे. मी आजवर रडतच होतो बहुतेक. मला डब्यात टाकून फळीवर ठेवलं, झाकण अर्धं उघडं. त्यामुळे पुढचा तमाशा फुकट पाहायला मिळाला.

तीन कार्बोरेटर बसवणं सोपं. बोल्ट आवळले की झालं. अवघड असतं ते तिघांना एका सुरात आणणं. प्रत्येकाच्या तोंडाशी रबरी नळी धरायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि हवेची फुसफुस तिन्हीकडे सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. एकानं जरा जास्त हवा ओढली की इंजिन लंगडतं.

यावर आमच्या गावातला उपाय म्हणजे मित्र. रोज संध्याकाळी बेकरीवाला एवारिस्तो आणि गुरांचा डॉक्टर निकानोर यायचे. ग्रिसेल्दा येर्बाचा कडू चहा ओतायची. पेला म्हणून एकच छोटा पोकळ भोपळा, ओढून प्यायला त्यात एकच धातूची नळी, आणि तो हातोहात फिरायचा. ज्याच्या हातात भोपळा नाही, त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर.

"पुढचा फार ओढतोय, आन्सेल्मो. जरासा कमी करतो."

"तुला पावाचा वास कळतो, हवा नाही. मागचा बिघडलाय."

"आणि तुला गायीचं पोट कळतं. ही गाय आहे का?"

एवारिस्तोनं पुढचा फिरवायचा, निकानोरनं मागचा, आन्सेल्मोनं मधला. मग एकानं दुसऱ्याचा, चोरून. आन्सेल्मोला मित्रांना नको म्हणता येत नाही. आमच्याकडे मित्राचा हात स्क्रूवरून काढणं म्हणजे त्याच्या आईला शिवी देणं. गाडी काळा धूर ओकू लागली. फाटफाट आवाजानं गल्लीतलं कुत्रं घर सोडून गेलं. माझी करमणूक उत्तम चालली होती.

लग्नाच्या सकाळी, दोघा मित्रांच्या देखत, गाडी दारापर्यंत आली आणि गप्प झाली. आन्सेल्मोची नजर फळीकडे वळली. त्यानं मला डब्यातून उचललं. मी मनातल्या मनात छाती फुगवली.

तेवढ्यात केसांना रोलर लावलेली ग्रिसेल्दा बाहेर आली, हातात भोपळा आणि थर्मास.

"जुना परत बसवतो, पोरी. दुपारपर्यंत होईल."

"दुपारी फादरकडे दुसरं लग्न आहे, बाबा."

"माझ्या ट्रकमधून चल," निकानोर म्हणाला. "मेंढ्यांचा वास कालच धुतलाय."

आईच्या रिकाम्या जागेकडे तिनं एकदा पाहिलं, मग चहा ओतला आणि भोपळा निकानोरपुढे धरला. "काका, नळी जरा हलवा. ढवळून घ्या."

निकानोरचा हात मागे गेला. "मी? तू ओतलेल्यात नळी हलवू? मला काय गावाबाहेर राहायचंय?"

"का? काय होतं?"

"ओतणारा एकच असतो, पोरी. चव त्याच्या हातात. बाकीच्यांनी प्यायचं आणि गप्प बसायचं."

"मग या गाडीचं कोण ओततंय, काका?"

एवारिस्तोनं खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. निकानोरनंही ठेवला. दोघं बाकावर बसले आणि आळीपाळीनं निमूट चहा पिऊ लागले. आन्सेल्मोनं मला त्यांच्या शेजारी टेकवलं.

त्यानं गाडी पुन्हा सुरू केली आणि रबरी नळी घेतली. पुढचा, मधला, मागचा. तोच माणूस, तोच कान. पुन्हा पुढचा. हळूहळू तिन्हींची फुसफुस सारखी झाली, आणि इंजिनाचा आवाज बदलला.

टोमणा तयार होता माझ्याकडे. पण इतकी वर्षं त्या इंजिनावर काढली आणि हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. रांगेच्या टोकाचे दोघेही पोटभर जेवत होते. ग्रिसेल्दा आईच्या जागेवर बसली आणि गाडी गेली, एकदाही न खोकता.

संध्याकाळी आन्सेल्मोनं मला पुसून परत डब्यात ठेवलं. तेव्हापासून इथेच आहे. तुमचं काही बिघडलं असेल, घर, शाळा किंवा अख्खं गाव, तर आधी पाहा, स्क्रूवर हात किती जणांचे आहेत.

आणि एक विनंती. डबा उघडलात तर माझ्या स्क्रूला हात लावू नका. नेलिदाला आणायला निघताना आन्सेल्मोनं तो एकट्यानं लावला होता. अजून तसाच आहे.