अप्पांच्या जाहिराती

"हौदु, हौदु, पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर चालेल आम्हाला," अम्मा फोनवर सांगत होती. "जमीन सोसले गावाच्या बाजूला. किती एकर ते आमच्या यजमानांना माहीत. ते बाहेर गेलेत. डेमो? सरी, पाठवा की."

मी नुकतीच पुण्याहून आले होते, बॅग अजून खांद्यावरच होती. अम्माने हातातल्या कोथिंबिरीच्या जुडीनेच मला 'बस' अशी खूण केली. पलीकडची मुलगी कन्नडमध्ये बराच वेळ काहीतरी समजावत राहिली आणि अम्मा 'सरी, सरी' करत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "इडली की उप्पिट?"

"अम्मा, सोसलेला आपली जमीन कधी होती?"

"नाही गे. पण त्यांनी विचारलं की काहीतरी सांगावं लागतंय ना. नाही म्हटलं तर फोन ठेवून देतात."

इडलीचा पहिला तुकडा तोंडात जातो तोच दुसरा फोन आला. या वेळी मधमाशांच्या पेट्या. अम्माने सुरुवातीला दहा पुरेत म्हणून सांगितलं. तिसरा फोन देवळाच्या घंटेविषयी होता. घंटा किती किलोची हवी, हे मात्र तिला सुचेना. 'आता पुरे' म्हणून मी हाताचा पंजा वर केला. तिने तो बघितला आणि फोनमध्ये म्हणाली, "ऐवत्तु. पन्नास किलो."

"पन्नास किलोची घंटा कुठे टांगणार आहेस?"

"घेणार कोण आहे? सुम्ने, उगाच विचारायचं."

हे वाक्य तिचं नव्हतं. ते माझ्या वडिलांचं होतं.

माझे वडील मालोजीराव म्हैसूरच्या रेल्वे पार्सल ऑफिसात क्लार्क होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू त्यांच्यासमोरून गेल्या: शिलाई यंत्रं, कोंबड्यांची खुराडी, गवतात गुंडाळलेल्या मूर्ती, एकदा तर सर्कशीचा तंबू. त्यांनी वजनं केली, पावत्या फाडल्या, माल पुढे पाठवला. आत काय आहे ते कागदावर असायचं, पण घेणाऱ्याला ते केवढ्याला पडलं हे नसायचं आणि अप्पांना नेमकं तेच जाणून घ्यायचं असे. म्हणून रविवारी ते देवराज मार्केटात जाऊन भाव विचारत. हत्तीच्या गळ्यातला फुलांचा हार केवढ्याला. लग्नाच्या जेवणाचं पितळी पातेलं केवढ्याला. घेत काहीच नसत. "एष्टु?" एवढं विचारायचं, उत्तर ऐकून मान डोलवायची आणि "जास्ती आयितु" म्हणून पुढच्या दुकानात जायचं. तरी फुलवाले त्यांना लांबूनच "बन्नी सार, बन्नी" म्हणून हाक मारायचे. अम्माला या सगळ्याची भयंकर लाज. ती दोन दुकानं सोडून, केळी बघत उभी राहायची. केळीवाल्यासमोर नुसतं उभं राहता येत नाही. आमच्या घरी कायम गरजेपेक्षा जास्त केळी असायची ती त्यामुळे.

निवृत्तीनंतर मी त्यांना माझा जुना कॉम्प्युटर दिला आणि बाजार सरस्वतीपुरमच्या आमच्या पुढच्या खोलीत आला. आता कोणी हुसकावणारं नव्हतं. ते ट्रॅक्टर बघत, घोड्याचं खोगीर बघत, होडी बघत. म्हैसूरला होडी. रात्री मला फोन करून भाव सांगत आणि मी पुस्तकात बोट घालून 'हं, हं' करत ऐकत असे.

संक्रांत झाली आणि ते गेले.

नाश्ता झाल्यावर मी कॉम्प्युटर लावला. अम्मा कुठलीशी रसमची कृती वाचत होती तेच पान उघडलं. चिंच आणि गूळ यांच्या मधोमध लाल ट्रॅक्टर उभा होता. उजवीकडे मधमाशांच्या पेट्या, खाली घंटा, त्याखाली एका होडीवर सवलत. पानाच्या वर एक पिवळी पट्टी होती: तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, नवीन आवृत्ती घ्या. ही पट्टी अप्पांनी वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती. "चाललंय ते चालू दे," म्हणायचे.

"फोन का येतात ते कळलं," मी म्हणाले. "अम्मा, या कंपन्या आपल्या मागे मागे फिरतात. इथे बघितलेलं तिथे जाऊन सांगतात. नवीन ब्राउझरमध्ये ते अडवायची सोय आहे. मी आत्ता टाकून देते."

"म्हणजे या जाहिराती जातील?"

"सगळ्या."

"मग बेडा. राहू दे."

"अगं, आपण काय बघतो ते कोणालाही कळतंय."

"कळू दे की. आपण काय चोर आहोत?"

"आणि फोन नंबर? तो कोणी दिला?"

अम्मा कोथिंबीर निवडू लागली. एकेक पान इतकं नीट बघून की जणू प्रत्येकाची ओळख करून घ्यायची होती.

"मी दिला," ती म्हणाली. "नंबर घातल्याशिवाय पुढचं पान उघडेना. यांना तर पुढचं बघायला आवडायचं, अल्लवा? भाव तिथेच असायचा."

"तू रोज बघतेस हे?"

"रोज सकाळी. एकेकावर दाबते. आधी ट्रॅक्टर, मग बाकीचे." मग खालीच बघत म्हणाली, "एकदा मी गुडघ्याचं तेल बघितलं गे. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळीकडे तेलच तेल. ट्रॅक्टर नाही, होडी नाही. मला एवढी भीती वाटली. तीन-चार दिवस सारखं दाबत बसले तेव्हा कुठे ट्रॅक्टर परत आला. तेव्हापासून माझं काही या कॉम्प्युटरवर बघत नाही. गुडघ्याचं बघायचं असलं तर वरलक्ष्मीच्या मोबाइलवर बघते."

वरलक्ष्मी म्हणजे शेजारच्या कृष्णमूर्ती मास्तरांची बायको. तिच्या मोबाइलवर आता तेलांचा पूर आला असणार.

मला हसू आलं. बँकेला कळवलं होतं, गॅसवाल्याला कळवलं होतं, पेपरवाल्यालाही. या जाहिरातींना मात्र कोणी कळवलं नव्हतं. अप्पांना अजून होडी हवी आहे असं समजणारे जगात एवढेच उरले होते, आणि अम्मा रोज सकाळी त्यांची समजूत मोडू नये म्हणून खपत होती. स्वतःच्या गुडघ्यासकट.

"पण अम्मा, असं किती दिवस—"

बाहेर धडधड सुरू झाली. खिडकीच्या काचा थरथरल्या. आमच्या गल्लीत स्कूटर, रिक्षा, फार तर शाळेची व्हॅन येते. मी पडदा बाजूला केला. फाटकासमोर लाल ट्रॅक्टर उभा होता, बॉनेटवर झेंडूची माळ. कृष्णमूर्ती मास्तर बनियनवरच बाहेर आले होते.

"तुंगम्मा!" वरलक्ष्मी कुंपणावरून ओरडली. "हे काय मागवलंत?"

"अय्यो देवा," अम्मा म्हणाली. "खरंच पाठवला!"

ट्रॅक्टरवरून उतरलेला माणूस चाळिशीचा, जाड मिशांचा, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. त्याने फाटकाबाहेरच चपला काढल्या आणि हात जोडले. तो कन्नडमध्येच बोलत होता.

"अम्मा, मी पुनीत. सार आहेत ना? मालोजीराव सार? शोरूमची मुलगी म्हणाली, सोसलेची जमीन आहे, डेमो पाहिजे. मला हसूच आलं. म्हटलं, सारांनी ही नवीन थाप कधी काढली?"

"तुम्ही ओळखता त्यांना?" मी विचारलं.

"फोनवर, मॅडम. समोर कधी नाही. पहिल्याच फोनला सांगितलं त्यांनी, 'पुनीत, मी घेणार काही नाही, पण तू नीट सांग.' असं गिऱ्हाईक कुठे मिळतं? बाकीचे घेतो घेतो म्हणतात आणि उचलत नाहीत. आमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी यांचा फोन. 'दिसतंय का रे आईला?' मी म्हटलं, दिसतंय सार. लगेच पुढे, 'लेन्सचे किती घेतले?'"

कृष्णमूर्ती मास्तर मोठ्याने हसले. अम्माही हसली, पदर तोंडाला लावून.

"आज नंजनगूडकडे निघालोच होतो," पुनीत म्हणाला. "म्हटलं वाटेत सारांना एकदा वर बसवू. बोलवा की त्यांना."

अम्माने पदर खाली घेतला. "ते बाहेर..." तिने सुरुवात केली. हे ती गेले काही महिने घंटावाल्याला, पेटीवाल्याला, सगळ्यांना सांगत आली होती. पण हा माणूस समोर उभा होता, अनवाणी.

"ते गेले, पुनीत," ती म्हणाली. "संक्रांतीनंतर. झोपेतच."

नातेवाइकांना फोन मीच केले होते. तिच्या तोंडून हे वाक्य मी आज पहिल्यांदाच ऐकलं.

पुनीत मागे वळून ट्रॅक्टरपाशी गेला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली. परत येऊन म्हणाला, "मला कोणी सांगितलं नाही, अम्मा. सारांच्या नावाने एन्क्वायरी रोज येत होती. मी समजलो, सार ठीक आहेत."

"ती मीच करत होते."

त्याने मान हलवली. का, असं त्याने विचारलं नाही. अम्माने त्याला आत बोलावलं, ताक दिलं. त्याने ते उभ्यानेच प्यायलं आणि जायला निघाला तेव्हा ती त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. ट्रॅक्टरकडे बघत उभी राहिली.

"यावर कसं चढतात?"

"अम्मा!" मी म्हणाले.

"तू गप्प बस गे."

कृष्णमूर्ती मास्तरांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. वरलक्ष्मी "पडाल, पडाल" म्हणत मागून ढकलत होती. आमची अम्मा, चहाच्या डागाची घरातली साडी नेसलेली, चाकाच्या वरच्या पत्र्यावरच्या बैठकीवर बसली आणि समोरची दांडी घट्ट धरली. पुनीतने ट्रॅक्टर गल्लीच्या टोकापर्यंत नेला, चालत्या माणसापेक्षाही हळू, आणि वळवून परत आणला. घराघरांतून माणसं बाहेर आली. कोणाला तरी वाटलं की मिरवणूक आहे. एका पोराने हात जोडले.

खाली उतरायच्या आधी अम्माने वरूनच विचारलं, "एष्टु?"

पुनीतने आकडा सांगितला. सवलतीसकट.

"जास्ती आयितु," अम्मा म्हणाली.

सगळी गल्ली हसली. पुनीत सर्वांत जास्त हसला आणि मग पाठ फिरवून, उगाच वाकून टायर बघू लागला.

ट्रॅक्टरची धडधड मुख्य रस्त्याला लागून विरली तेव्हा अम्मा पुढच्या खोलीत येऊन बसली. गुडघे चोळत म्हणाली, "कर ते तुझं नवीन काय ते."

"नक्की?"

"साकु, पुरे. त्या घंटावाल्याला बिचाऱ्याला किती दिवस फसवायचं? एकाला सांगितलं. आता बाकीच्यांना कोण सांगत बसणार? एकदमच कळू दे."

मी पिवळ्या पट्टीवर क्लिक केलं. एक रेघ हळूहळू भरत गेली आणि खिडकी बंद होऊन पुन्हा उघडली. नवीन आवृत्ती फार अदबशीर होती. तिने काय काय अडवणार ते सांगितलं, आणि शेवटी विचारलं: साइट्सनी आतापर्यंत साठवलेली जुनी माहिती पुसून टाकायची का? खाली दोन बटणं होती, 'पुसा' आणि 'राहू द्या'.

बाण 'पुसा'वर नेला आणि माझा हात तिथेच राहिला. एवढा वेळ मी अम्माला समजावत होते. आता मला रात्रीचे ते फोन आठवले. पुस्तकात बोट, कानात होडीचा भाव. किती होता तो? मला एकही आकडा आठवेना.

"अडकलं का?" अम्माने विचारलं.

"नाही."

"मग?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग खुर्ची जवळ ओढली, माउसवरचा माझा हात बाजूला करून आपला हात ठेवला, आणि दाबलं.

रसमचं पान पुन्हा उघडलं. चिंच आणि गूळ यांच्यामध्ये आता काहीच नव्हतं. ट्रॅक्टरच्या जागी पांढरा चौकोन, होडीच्या जागी पांढरा चौकोन. अम्मा पुढे वाकून बघत राहिली.

"किती मोकळं झालं गे," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "अक्षरं पण मोठी दिसतात."

"अक्षरं तेवढीच आहेत."

"असू देत."

तिने चष्मा पुसला. मग वरच्या शोधायच्या पट्टीत क्लिक करून, एका बोटाने कीबोर्डवर पहिलं अक्षर शोधू लागली. मी अजून शेजारीच बसले आहे हे लक्षात आल्यावर तिने दुसरा हात पडद्यापुढे आडवा धरला.

"तू उठ बघू. माझं काहीतरी आहे."

मी उठले आणि कोथिंबीर घेऊन स्वयंपाकघरात गेले. मागे कीबोर्डच्या कळा एकेक करून, थांबत थांबत, वाजत राहिल्या.