रुमालातली माती

कुमुदिनीबाईंनी आठवं नेलकटर टोपलीत टाकलं, तेव्हा कश्मिराने हळूच आजूबाजूला बघून घेतलं. कुणी बघत नव्हतं. सेंदाईच्या त्या शंभर येनवाल्या दुकानात सुटीची गर्दी होती आणि जो तो आपल्या टोपलीत मान घालून होता. पण सात वर्षं जपानात राहून कश्मिराला ही खोडच लागली होती. आपल्यामुळे कुणाला त्रास होतोय का, हे आधी बघायचं आणि मग श्वास घ्यायचा.

"आई, आठ कशाला?"

"सुमनच्या दोघी सुना, खालच्या वीणाताई, बँकेतला तो विलास..." बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आणि एक जास्तीचं असू दे. ऐन वेळी कुणी ना कुणी निघतंच."

प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंचा आवाज दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात पोचायचा. पन्नास पोरांच्या वर्गावर घासलेला तो आवाज, त्याला बारीक कसं करणार? बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी साताऱ्याला सुमनमावशीला व्हिडिओ कॉल लावला होता, आणि अख्ख्या बसला मावशीच्या धाकट्या हरीशचं लग्न कुठे अडलंय ते कळलं होतं. मराठीत कळलं होतं म्हणून बरं. तरीही कश्मिरा खिडकीबाहेर बघत राहिली होती, कॉल संपेपर्यंत.

तसं रागावण्यासारखं काही नव्हतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये आई एकटी होती, आणि कश्मिरा इथे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत धातूंचे तुकडे तापवत बसलेली. यंदा मे महिन्याच्या सुट्ट्यांना जोडून तिने आईला पहिल्यांदा बोलावून घेतलं होतं, आणि मनाशी एक ठरवलं होतं. आईला विचारायचं: वर्षातून दोनदा तीन-तीन महिने माझ्याकडे येऊन राहशील का? आजच विचारायचं, जेवताना. आई हो म्हणेल असं तिला वाटत होतं, त्याला कारणही होतं. येताना बाईंनी देव बरोबर आणले होते. घरात देवांना आंघोळ घालायला कुणी नाही म्हणून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण रुमालात गुंडाळून विमानातून आले होते, आणि रोज सकाळी कश्मिराच्या स्वयंपाकघरातल्या बेसिनशी, वाटीत पाणी घेऊन त्यांची आंघोळ चालायची. ज्या घरात देव नेले, तिथे राहायची तयारी अर्धी झालेली असते, असा कश्मिराचा हिशेब होता.

सकाळी दोघी शहरातलं मोठं संग्रहालय बघून आल्या होत्या. एका डोळ्याच्या जुन्या सरदाराचं चिलखत बघून बाई म्हणाल्या होत्या, "एवढं सगळं अंगावर चढवायला नवऱ्याला रोज बायकोच लागत असणार." कश्मिरा हसली होती, मोकळेपणी. आता खरेदी झाली, आणि जेवायच्या आधी आणखी एक छोटं संग्रहालय बघायचं होतं. २०११च्या भूकंपानंतर समुद्र आत आला, तेव्हा किनाऱ्यावरच्या वस्त्यांमधून जे जे सापडलं ते तिथल्याच लोकांनी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मांडून ठेवलं होतं. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तिला अनेकदा सांगितलं होतं, आणि सात वर्षांत तिला जायला जमलं नव्हतं.

दारातच ओइकावा नावाच्या एक साठीच्या बाई बसल्या होत्या, इथल्या भाषेत ओइकावा-सान. गळ्यात नावाची पट्टी, पायात कापडी बूट. कश्मिराने खरेदीच्या पिशव्या जिन्याजवळच्या लॉकरमध्ये ठेवायला नेल्या. लॉकरला नाणं सापडेना म्हणून पाच मिनिटं गेली. परत आली तर दोघी बायका हसत होत्या. कोणत्या भाषेत हसत होत्या ते त्यांनाच ठाऊक.

"काय गं?"

"काही नाही. चांगली बाई आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"आई, इथे कशाला हात लावायचा नाही हं. आणि जरा हळू बोल."

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि खरंच आवाज खाली आणला.

आत सगळं उघड्यावर मांडलेलं होतं. काचा नव्हत्या. तीन वाजून सदतीस मिनिटांवर थांबलेलं भिंतीवरचं घड्याळ. एका बाजूने चेपलेला भात शिजवायचा कुकर. शाळेचं लाल दप्तर. बाई प्रत्येक वस्तूपुढे थांबत होत्या. कश्मिरा भिंतीवरचा मजकूर वाचत वाचत पुढच्या खोलीत गेली. तिथे एक वयस्क जोडपं हात पाठीमागे बांधून नकाशा बघत होतं. तिनेही हात पाठीमागे बांधले. मजकूर अवघड होता आणि तो आपल्याला वाचता येतोय याचं तिला मनातल्या मनात जरा कौतुक वाटत होतं.

मागून ओइकावा-सानचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. नुसतं "आ" असं, श्वास आत ओढल्यासारखं.

कश्मिरा वळून आली. खोलीच्या कोपऱ्यात एका घराचा देव्हारा ठेवला होता. काळ्या लाकडाचं छोटं कपाट, दारं निखळलेली, आणि आत वीतभर उंचीचा बुद्ध. सगळ्यावर वाळलेल्या चिखलाचा थर. त्याच्यासमोर कुमुदिनीबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात त्यांचा रुमाल. म्हणजे कश्मिराच्या वडिलांचा, मोठ्या चौकटींचा. त्यांच्या मागे त्या तोच वापरायच्या. बुद्धाचा चेहरा आणि उजवा खांदा स्वच्छ झाला होता. सोनेरी रंग निघाला होता.

"बघ गं," त्या आनंदाने म्हणाल्या, "किती गोड चेहरा आहे. इतकी वर्षं कुणी याला आंघोळ घातली नाही. मला राहवेचना."

देव्हाऱ्याशेजारी पाटी होती. कश्मिराने ती एका नजरेत वाचली. 'सापडला त्या अवस्थेत ठेवला आहे.' समुद्राने आणलेला तो चिखल, तीच ती वस्तू होती. तोच ठेवायचा होता.

ते जोडपं दारात येऊन उभं राहिलं. म्हाताऱ्याने बायकोला काहीतरी हळू आवाजात सांगितलं. कश्मिराच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ओइकावा-सान तिच्याकडे वळल्या आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर आहात का?"

"नाही," कश्मिरा म्हणाली.

विचार करून म्हणाली असं नाही. तोंडातून निघून गेलं. आणि एकदा निघालं म्हटल्यावर ते सावरायला दुसरं आलं. "पण मला त्यांची भाषा येते. मी सांगू का त्यांना?"

ओइकावा-सान क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान लववली. "कृपया."

कश्मिरा आईकडे वळली. जन्मात कधी वापरला नव्हता अशा आवाजात ती म्हणाली, "तुम्ही याला हात लावायला नको होता. हा चिखल मुद्दाम ठेवलेला आहे. ज्यांचा हा देव्हारा आहे, त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे."

मराठीत तरी 'तू' म्हटलं असतं, तर त्या खोलीत कुणाला कळणार होतं? पण खोटं बोलणारा माणूस नको तिथे काटेकोर होतो, तशी ती झाली.

कुमुदिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग ओइकावा-सानकडे. मग पुन्हा तिच्याकडे. चेहऱ्यावरचा आनंद गेला, पण रागही आला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांपुढे उभ्या राहायच्या तशा त्या उठून सरळ उभ्या राहिल्या.

"मला माहीत नव्हतं, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, म्हातारीचं चुकलं. आणि एक विचारा. ही माती त्यांना परत हवी आहे का?"

रुमालात पिवळट, ओला चिखल होता. कश्मिराने जपानीत विचारलं. ओइकावा-सान पुढे आल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि बाईंनी दोन्ही हातांनी तो रुमाल त्यांच्या हातांवर ठेवला. मग दोघीही एकमेकींपुढे वाकल्या. वाकली नाही ती कश्मिरा. आपण आता या दोघींपैकी कुणाच्या बाजूने वाकायचं, हे तिला कळेना.

ती आधी बाहेर पडली. बाई पाच मिनिटांनी उतरल्या. ठरवल्यासारखं.

बाजाराच्या त्या लांबलचक छत घातलेल्या रस्त्यावरून चालताना कश्मिराच्या लक्षात आलं की शेजारी कुणी नाही. ती वळली. आई दहा पावलं मागे होती. ती थांबली, तशी आईही थांबली आणि एका दुकानातले पंखे बघू लागली. कश्मिरा पुढे निघाली, आईही निघाली. अंतर तेवढंच. दोनदा झालं, तीनदा झालं.

"आई, अशी मागे का चालतेस?"

"गर्दी आहे ना. तू हो पुढे. मला दिसतेस तू."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर कश्मिराला भांडता आलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसमध्ये, दुकानात, सकाळपासून दहा वेळा आपण मनातल्या मनात हेच तर मागत होतो, की हिने जरा लांब राहावं. आणि आई लांब राहिली होती.

जेवायला उडोन घेतले, सूपातल्या जाड शेवया. कुमुदिनीबाईंनी सूप आवाज न करता प्यायलं. इथे आवाज करून प्यायलं तरी चालतं, हे सांगायचं कश्मिराच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. मग तिने विचारलं. आजच विचारायचं ठरवलं होतं, आणि आज नाही विचारलं तर पुन्हा धीर होणार नाही हे तिला कळत होतं.

"आई, वर्षातून दोनदा येऊन राहशील माझ्याकडे? तीन-तीन महिने?"

बाईंनी वाडगा खाली ठेवला. "मी येताना तेच मनात धरून आले होते," त्या म्हणाल्या. "पण नको गं. तुझं इथे छान बसलंय सगळं. मला तिकडंच बरं."

"आई, मगाशी मी..."

"सूप गार होतंय तुझं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदिनीबाईंनी देवांना आंघोळ घातली, टिपून कोरडं केलं, आणि निघायला दोन दिवस असताना बॅगेत ठेवून दिलं. ते बघून कश्मिराने चप्पल घातली.

"चल माझ्याबरोबर. त्या बाईंना भेटायचंय."

आई आली, पण इमारतीपाशी आल्यावर बाहेरच्या बाकावर बसली. "तू ये जाऊन. मी इथे थांबते."

ओइकावा-सान त्याच खुर्चीवर होत्या. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तो रुमाल होता, उलगडलेला, वाळलेला. माती त्यात तशीच. कश्मिरा वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही.

"देव्हाऱ्याच्या मालकांना कळवलंत का? काय म्हणाले ते?" तिने विचारलं.

"फोनवर त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं," ओइकावा-सान म्हणाल्या. "मग म्हणाले, झालं ते झालं. मातीही ठेवून द्या. म्हणून आता मातीशेजारी ठेवायची चिठ्ठी लिहायची आहे. त्या बाईंचं नाव तुम्हाला माहीत आहे?"

त्या हे अगदी साधेपणाने विचारत होत्या. कालचं खोटं त्यांनी अजूनही जपून ठेवलं होतं.

"कुमुदिनी," कश्मिरा म्हणाली. "काल मी खोटं बोलले. त्या माझ्या आई आहेत."

"हो," ओइकावा-सान म्हणाल्या.

"तुम्हाला... माहीत होतं?"

ओइकावा-सान जरा संकोचल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, एक बोट जिन्याजवळच्या लॉकरकडे केलं, जिथे काल कश्मिरा नाणं शोधत पाठमोरी उभी होती. आणि मग तोच हात त्यांनी स्वतःच्या पोटावर ठेवला, दोनदा थोपटला, आणि छाती पुढे काढून हसल्या. हुबेहूब आईसारख्या.

"आत जायच्या आधीच त्यांनी सांगितलं मला," त्या म्हणाल्या.

म्हणजे आईला ठाऊक होतं, की या बाईला ठाऊक आहे. आणि तरी त्याच बाईसमोर उभं राहून ती 'मॅडम' म्हणाली होती. लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून, जे आधीच उघडं होतं. कश्मिराला जमिनीत जावंसं वाटलं. चिठ्ठीवर तिने आईचं नाव आपल्या हाताने लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'कश्मिराची आई'. ते लिहायला आता काय लागत होतं? काल एका शब्दाचं काम होतं.

ती जिना उतरून आली. तिला बघून कुमुदिनीबाई बाकावरून उठल्या, पर्स खांद्याला लावली, आणि तिने पुढे व्हावं म्हणून बाजूला सरून उभ्या राहिल्या.

कश्मिरा पुढे गेली नाही. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाई एक पाऊल मागे सरल्या. ती पुन्हा शेजारी गेली. समोरचा सिग्नल हिरवा झाला, लोक रस्ता ओलांडून गेले, सिग्नल पुन्हा लाल झाला. दोघी तिथेच उभ्या होत्या.