फुल्यांमधला चंद्र

पिंपरीच्या एका कंपनीतली कॉम्प्युटरची खोली इतकी गार असे, की ऐन मार्चातही प्रभावती स्वेटर घालून बसायची. १९७८ साल होतं. ती पंच ऑपरेटर होती. कागदावरचं वाचून बटणं दाबायची, की कार्डांना बारीक चौकोनी भोकं पडत. त्या भोकांचा अर्थ मशीनला कळे. चार वर्षं झाली तरी तिला कळला नव्हता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रॅमर सयाजीरावांनी विचारलं, "रोज आमचे प्रोग्रॅम पंच करता, एखादा स्वतःचा का लिहीत नाही?"

"मी काय लिहू, सर?"

"साधी रेघ काढा. प्रिंटरला सांगा, इथून तिथपर्यंत फुल्या मार."

त्यांनी दाखवल्याप्रमाणे तिनं प्रोग्रॅम लिहिला, पंच केला. प्रिंटर खडखडला आणि रुंद कागदावर चाळीस फुल्यांची रेघ उमटली. पेन्सिल नाही, हात नाही. तिनं नुसतं सांगितलं होतं.

मग तिरकी रेघ झाली, चौकोन झाला, त्रिकोण झाला. कागद म्हणजे एकेका फुलीच्या जागेची घरं, आणि हळूहळू तिला तशी घरं सगळीकडे दिसू लागली. कंपनीच्या बसच्या खिडक्यांत, भिंतीच्या विटांत, शेजारणीच्या लुगड्याच्या चौकड्यांत. डोळे मिटले की पांढरा कागद समोर यायचा, आणि त्यावरचं प्रत्येक घर वाट बघत असायचं, फुली की मोकळं?

वर्तुळाचं सरांनी समजावलं. "प्रत्येक घराला विचारायचं, तू मध्यापासून किती लांब आहेस? पंधराच्या आत असलं तर फुली, नाहीतर मोकळं."

हे तिला फारच आवडलं. तो सगळा दिवस ती दिसेल त्या वस्तूला मनात विचारत होती, तू किती लांब?

पण कागदावर उभं लांबट अंडं आलं.

"प्रभे, आता कोंबडी बसव त्याच्यावर!" शेजारच्या मशीनवरची शालन म्हणाली आणि सगळ्या पोरी हसल्या. सरांनी कार्डं दोनदा तपासली. "गणित तर बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी आजवर नुसत्या याद्या छापल्या होत्या. चित्र त्यांनाही नवीनच.

कागद तिनं घरी नेला. तिचे वडील कोंडीराम दुसऱ्या एका कारखान्यात मार्किंगचं काम करत. कापायच्या आधी लोखंडावर सुईनं रेघा आखून देत. ते हसले नाहीत. खिशातून स्टीलची पट्टी काढून त्यांनी कागदावर ठेवली.

"तीन इंच रुंद, पाच इंच उंच." मग फुल्या मोजल्या. "तुझी घरं चौकोनी न्हाईत गं. आडव्या इंचात धा बसत्यात, उभ्या इंचात सा. मशीन चुकलं न्हाई. तू घरं मोजलीस, इंच न्हाई मोजलं."

"म्हणजे उभं अंतर दहानं गुणायचं, सहानं भागायचं?"

"व्हय." ते बराच वेळ कागदावरून बोट फिरवत राहिले. "ह्ये समदं नुसत्या भोकांनी काढलंस?"

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिनं एकच कार्ड बदललं. गोल आला. सरांनी त्यावर पाण्याचा पेला उपडा घालून पाहिला. फुल्या कडेला कड लावून बसल्या होत्या. शालननं तो कागद हातात घेतला आणि लवकर परत दिला नाही.

मे महिन्यात वैशाखी पौर्णिमा होती. वस्तीतल्या विहारासाठी मोठा चंद्र काढायचं प्रभावतीनं ठरवलं, सरांनी कागदाची परवानगी मिळवली. पहिला चंद्र फुल्यांनी भरून काळाकुट्ट झाला. तेव्हा तिनं उलटं सांगितलं, आत मोकळं, बाहेर फुल्या. छापलेल्या कागदाच्या तीन पट्ट्या खळीनं जोडल्या, आणि हजारो फुल्यांच्या मधोमध, जिथं काहीच छापलं नव्हतं तिथं, चंद्र उगवला.

पौर्णिमेच्या सकाळी तो विहारात लावला. वाऱ्यानं कागद हलला की चंद्र पुढे यायचा, मागे जायचा. शेजारच्या तानुबाई अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"कुणी रंगवलं गं?"

"रंगवलं नाही, मावशी. सांगितलं."

"आस्सं." त्यांनी चंद्राच्या पांढऱ्यावर तळवा टेकवला. "मग पाणी सांगता येतं का? हलतं पाणी?"

दुपारी प्रभावती पवनेच्या काठी जाऊन बसली. नदी उन्हाळ्यानं बारीक झाली होती, तरी पाण्यावर लहान लहान वळ्या उठत होत्या. किती घरं वर, किती घरं खाली, ती मांडीवर बोटानं मोजत राहिली. मोजता मोजता चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजत बसली.

लाट जमायला अडीच महिने लागले. त्यासाठी तिला सरांकडून नवं गणित शिकावं लागलं. ती लाट छापली, आणि ऑगस्टात तिला प्रोग्रॅमिंगच्या विभागात टेबल मिळालं. पहिल्या दिवशी कुणी काम दिलं नव्हतं. ती कोरा कागद समोर घेऊन बसली. बाहेर पाऊस लागला होता, तो फुल्यांत कसा सांगायचा ते ती बघत होती. दुपारपर्यंत तिनं एक अक्षरही लिहिलं नाही, आणि कुणी तिला उठवून पंचच्या मशीनवर पाठवलंही नाही.