बोटभर शीर

प्रयोगशाळेतल्या बाई संध्याकाळी घरी आल्या की चहाआधी सासूबाईंचा प्रश्न ठरलेला असायचा. "आज तरी जगल्या का?"

प्रश्न पेशींबद्दल असायचा. डुकराच्या यकृतातल्या पेशी बशीत वाढवायच्या, त्या एका नळकांड्यात भरायच्या आणि ज्याचं यकृत अचानक बंद पडलंय त्याचं रक्त त्यातून फिरवून त्याला चार दिवस तगवायचं, असं ते काम. पण दीड महिना झाला तरी पेशी काही केल्या धरत नव्हत्या. मेलेली पेशी निळा रंग पिते, जिवंत पेशी त्याला दारातच थोपवते. आणि बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं निळंच निळं. वरिष्ठांनी द्रावणं बदलून पाहिली, तापमान बदलून पाहिलं, बाईंवर दोनदा डाफरूनही पाहिलं.

सासूबाईंची सारी हयात शिवणकामात गेलेली. एकदा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापणाऱ्याशी बोललीस का कधी?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई, यकृतं जिथून येत त्या कत्तलखान्यात गेल्या. तिथल्या म्हाताऱ्या खाटकाला सगळे मामा म्हणत. बाई तक्रार घेऊन आल्यात असं वाटून मामांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. बाईंनी अडचण सांगितली. यकृताच्या शिरेत नळी घालून आतलं रक्त धुऊन काढावं लागतं; पण शीर इतकी आखूड येते की नळी बसवण्यातच अर्धा तास जातो, तोवर रक्त आत गोठून बसतं.

मामा थोडा वेळ सुरी पुसत राहिले. "ती शीर मीच छाटतो. लोंबती शीर गिऱ्हाइकाला आवडत नाही. तुम्हाला ती हवी असते, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मग त्यांनी बोटभर शीर तर ठेवलीच, वर धुण्याचं कामही अंगावर घेतलं. बाईंनी आणलेल्या थंडगार सलाइनची नळी त्यांनी दोन मिनिटांत बसवून दोऱ्याने आवळली. काळपट यकृत बघता बघता फिकट पडलं. ते बर्फाच्या डब्यात घालून बाई धावतच निघाल्या.

त्या दिवशी शंभरातल्या नव्वद पेशींनी रंगाला दाद दिली नाही. दुसऱ्या सकाळी त्या बशीला घट्ट चिकटून, अंगाला अंग लावून बसल्या होत्या. बाईंनी सगळ्यात आधी सासूबाईंना फोन लावला. चौथ्या दिवशी नळकांड्यात अमोनिया सोडला, तर पलीकडून जेमतेम थोडासा निघाला. बाकीच्याचा पेशींनी, शरीरात यकृत करतं तसा, युरिया करून टाकला होता. वरिष्ठांनी तीनदा मोजलं आणि सगळ्यांसाठी आइस्क्रीम मागवलं.

मामांना बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो काढेचनात.

"ह्या माझ्याकडच्या?"

"तुमच्याकडच्याच. सोमवारच्या."

"आणि जिवंत आहेत?"

"जिवंत आहेत, कामही करतायत."

त्या खातात काय, हे मामांना जाणून घ्यायचं होतं. साखर, प्रथिनांचे घटक, थोडं इन्सुलिन. सगळं ताजं आणि वेळच्या वेळी, असं बाईंनी सांगितलं.

"म्हणजे माझ्यापेक्षा थाट बरा आहे," मामा म्हणाले आणि पुन्हा वाकून बघू लागले. मागे वरिष्ठ आपली पाळी यायची वाट बघत दोनदा खाकरले, पण मामांनी काही जागा सोडली नाही.